तीन हजार सह्या आणि एक गोळी

१९९९ सालच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरी, नोव्हार्टिस या औषध कंपनीच्या मुख्यालयात एक अर्ज येऊन पडला. अर्जासोबत तीन हजारांहून अधिक सह्या होत्या. सह्या करणारे एका विशिष्ट रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण, त्यांचे नातलग आणि मित्र. बहुतेकांनी एकमेकांची तोंडंही पाहिलेली नव्हती. अर्ज कंपनीचे प्रमुख डॅनियल व्हॅसेला यांच्या नावे होता आणि मागणी सरळ होती. एसटीआय-५७१ हे तुमचं औषध लागू पडतं आहे असं आम्हाला कळलं आहे, ते पुरेसं तयार होत नाही हेही कळलं आहे, तर उत्पादन वाढवा.

व्हॅसेला मुळात डॉक्टर. रुग्णांच्या विनवण्या त्यांना नव्या नसाव्यात. नवं होतं ते वेगळंच. या औषधाची माणसांवरची चाचणी सुरू होऊन जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. निष्कर्ष सविस्तर छापून यायचे होते, रक्तरोगतज्ज्ञांच्या वार्षिक परिषदेत ते डिसेंबरात मांडले जायचे होते. म्हणजे जगातल्या बहुसंख्य डॉक्टरांच्या कानावर जे नीट गेलेलं नव्हतं, ते या पेशंटांना ठाऊक होतं. औषध कुणाला चालू आहे, कुणाचे काउंट किती दिवसांत खाली आले, कुठल्या शहरातल्या रुग्णालयात विचारून पाहावं, इतकंच नव्हे तर पुढच्या टप्प्यासाठी कंपनीकडे पुरेसा माल आहे की नाही, हेसुद्धा.

हे त्यांना कळलं कसं? आणि हीच गोष्ट पुढे परळला कशी येऊन पोचली?

कर्करोगाच्या पेशंटला काही कळू द्यायचं नाही, हा वैद्यकातला जुना शिरस्ता. १९६१ मध्ये डॉ. डोनाल्ड ओकेन यांनी शिकागोतल्या एका रुग्णालयाच्या दोनशेहून अधिक डॉक्टरांना विचारलं, की तुम्ही पेशंटला कर्करोग झाल्याचं सांगता का? जवळपास नव्वद टक्क्यांचा कल न सांगण्याकडे होता. १९७९ मध्ये रोचेस्टरला तोच प्रश्न पुन्हा विचारला गेला, तेव्हा सत्त्याण्णव टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे निघाले. अठरा वर्षांत असा उलटा फेरा वैद्यकात क्वचितच पडतो. मधल्या काळात उपचार सुधारले होते, प्रयोगात भाग घेण्यासाठी रुग्णाची संमती बंधनकारक होत गेली होती, आणि आपल्या शरीराबद्दलचे निर्णय परस्पर घेतले जातात म्हणून अमेरिकन बायका जाहीरपणे चिडल्या होत्या. आपल्याकडे हा फेरा अजून पुरा झालेला नाही. कित्येक घरांत रिपोर्ट आधी थोरल्या मुलाच्या हातात जातो, डॉक्टर त्याला केबिनमध्ये थांबवून घेतात, आणि बाहेर बाकावर बसलेल्या आईला ‘साधी गाठ आहे’ एवढंच सांगितलं जातं. आईला मात्र रुग्णालयाची पाटी वाचता येते.

पेशंटने पेशंटला सांगायचं, याचीही परंपरा इंटरनेटच्या बरीच आधीची. न्यूयॉर्कच्या टेरीस लासर यांचं १९५२ मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी मोठं ऑपरेशन झालं. नंतर हात कसा हलवायचा, ब्लाउजच्या आत काय भरायचं, नवऱ्याशी काय बोलायचं, यातलं त्यांना कुणी काही सांगितलं नाही. बऱ्या झाल्यावर त्या स्वतःच अशा बायकांना रुग्णालयात जाऊन भेटू लागल्या. काही सर्जनांना हे मुळीच रुचलं नाही; एका बिनडॉक्टर बाईने आपल्या पेशंटच्या खाटेशी जावंच का, असा त्यांचा सवाल. पुढे १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने लासर यांचं काम आपल्या पंखाखाली घेतलं.

माहिती हाती आली तर माणूस तिचं काय करतो, याचा एक नमुना जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी घालून दिला. जुलै १९८२ मध्ये त्यांना पोटातला मेसोथेलिओमा निघाला. वाचण्यासारखं काय आहे, असं त्यांनी आपल्या डॉक्टरबाईंना विचारलं. वाचण्यासारखं काही नाही, असं उत्तर आलं. गूल्ड हार्वर्डला शिकवत होते. चालता येऊ लागताच त्यांनी तिथलं काउंटवे वैद्यकीय ग्रंथालय गाठलं आणि डॉक्टरबाई तसं का म्हणाल्या ते त्यांना उमगलं. निदान झाल्यापासून मध्यम आयुर्मान आठ महिने, असं तिथे लिहिलेलं होतं. पण गूल्ड संख्याशास्त्र जाणणारे. मध्यम म्हणजे निम्मे त्याच्या आधी गेले, पण उरलेले निम्मे त्यानंतरही जगले, आणि त्यांच्यातले काही फार लांबपर्यंत, हे त्यांनी आकड्यात पाहिलं आणि आपण त्या लांब शेपटीत का असू शकतो याची कारणं मांडली. ते आणखी वीस वर्षं जगले. २००२ मध्ये गेले ते दुसऱ्याच कर्करोगाने. त्यांचा निबंध नंतर असंख्य पेशंटांनी एकमेकांना धाडला. अर्थात, प्रत्येकाच्या पायाशी हार्वर्डचं ग्रंथालय नसतं, ही गोष्ट त्यात वाचणाऱ्यालाच घालावी लागते.

ते ग्रंथालय घरात आलं १९९० च्या दशकात. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने उपचार आणि चाचण्यांचा एक संगणकीय साठा दशकभर आधीच उघडला होता, पण तो मुख्यतः डॉक्टरांच्या कामाचा. १९९४ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने ‘ऑन्कोलिंक’ सुरू केलं आणि ते थेट सामान्य माणसाच्या पडद्यावर उतरलं. त्याच वर्षी न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठातून स्तनाच्या कर्करोगाच्या पेशंटांचा ई-मेल गट चालू झाला. एकाने लिहिलं की गटातल्या सगळ्यांना पोचायचं, एवढीच त्याची कारागिरी. न्यूयॉर्कमध्ये राहणारे जिल फ्रिडमन पत्नीच्या निदानानंतर या गटाशी येऊन पोचले, तिथे कळलेल्या गोष्टींच्या आधारे त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलं, आणि मग असे गट प्रत्येक प्रकारच्या कर्करोगासाठी का नसावेत म्हणून स्वतःच एक संस्था उभी केली. एकर या तिच्या आद्याक्षरी नावाखाली पुढे शंभरावर गट चालले. ज्या आजाराचे रुग्ण एका शहरात दोन-तीनच सापडायचे, त्यांनाही आता संध्याकाळी बोलायला शेकडो माणसं होती.

डॉक्टरांना याची धास्ती होती आणि ती अगदीच खोटी नव्हती. कुणीही काहीही लिहील, लोक गव्हांकुराचा रस पिऊन केमो सोडतील. पण २००६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका अभ्यासाचे आकडे आले. स्तनाच्या कर्करोगाच्या अशाच एका गटावरचे ४,६०० संदेश संशोधकांनी तपासले होते. त्यांत चुकीचे किंवा दिशाभूल करणारे निघाले दहा. त्या दहांपैकी सात इतर सदस्यांनीच हेरून दुरुस्त केले होते, आणि त्याला सरासरी साडेचार तास लागले होते. हा गट मुरलेल्या, वाचणाऱ्या पेशंटांचा होता हे खरं. आजच्या व्हॉट्सअॅपवर दर पौर्णिमेला फिरणाऱ्या लिंबू-सोड्याला तो न्याय लावू नये.

आता थोडं शास्त्र, नाहीतर पुढचा मुद्दा कळणार नाही. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल, या आजारात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. १९६० मध्ये पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना अशा रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसलं. ते फिलाडेल्फियात दिसलं म्हणून त्याला गावाचंच नाव पडलं. (नॉवेल ज्या विद्यापीठात होते तिथेच पुढे ऑन्कोलिंक निघालं.) १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट रावली यांनी दाखवलं की नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्राचे तुकडे आपसांत अदलाबदल होऊन हे घडतं. पुढे कळलं की या अदलाबदलीतून बीसीआर-एबीएल नावाचं एक बिघडलेलं प्रथिन तयार होतं आणि ते पेशीला ‘वाढ, वाढ’ असा हुकूम सतत देत राहतं. बाझलच्या सिबा-गायगी कंपनीत निकोलस लायडन, रसायनशास्त्रज्ञ युर्ग झिमरमान आणि सहकाऱ्यांनी त्या प्रथिनाला अडवणारा रेणू घडवला, तोच एसटीआय-५७१. सीएमएलवर तो चालेल हे लावून धरलं ते पोर्टलंडचे डॉक्टर ब्रायन ड्रकर यांनी. १९९६ मध्ये सिबा-गायगी आणि सँडोझ एकत्र येऊन नोव्हार्टिस झाली. अशा विलीनीकरणात पुष्कळ रेणू फडताळात जातात. हाही जाण्याच्या बेतात होता. अमेरिकेत सीएमएलचे नवे रुग्ण वर्षाला पाचेक हजार. एवढ्यांसाठी कारखाना कोण उभारणार?

ड्रकर मागे लागून राहिले आणि जून १९९८ मध्ये पोर्टलंड, लॉस एंजेलिस आणि ह्यूस्टन इथे पहिली चाचणी सुरू झाली. तोवर सीएमएलच्या पेशंटपुढे दोन वाटा होत्या. एक अस्थिमज्जारोपण, त्यासाठी वय कमी हवं, जुळणारा दाता हवा, आणि रोपणातच दगावण्याची तयारी हवी. दुसरी इंटरफेरॉनची इंजेक्शनं. ती घेतली की फ्लू झाल्यासारखं अंग मोडून यायचं, आणि घ्यायची रोज. गटांवर त्या काळी ज्या गोष्टी चालायच्या त्या याच दुखण्याच्या: इंजेक्शन सकाळी टोचावं की झोपताना, तापाची गोळी आधी घ्यावी की नंतर, नोकरी टिकवायची कशी, डोळे सारखे मिटतात ते औषधाने की उदासीने. अशात पोर्टलंडहून बातम्या येऊ लागल्या. तोंडाने घ्यायची कॅप्सूल. आठवडा-दोन आठवड्यांत काउंट खाली. इंटरफेरॉन लागू न पडलेली माणसं पुन्हा कामावर. पुढे एप्रिल २००१ मध्ये छापून आलेला अधिकृत आकडा असा: पुरेसा डोस मिळालेल्या ५४ जणांपैकी ५३ जणांचं रक्त नॉर्मल झालं. कर्करोगाच्या औषधाच्या पहिल्याच चाचणीत असे आकडे कुणी पाहिले नव्हते. पण गटांवरच्या लोकांनी ते एकेका माणसाच्या रिपोर्टमधून, तुकड्यातुकड्याने, दीड-दोन वर्षं आधी जमवले होते.

मॉन्ट्रियलच्या सुझन मॅकनमारा अशा वाचकांपैकी एक. वय तिशीच्या थोडं पुढे, १९९८ मध्ये निदान, इंटरफेरॉनने हैराण. पोर्टलंडच्या औषधाबद्दल त्यांना इंटरनेटवर कळलं आणि त्यांनी ड्रकर यांच्याशी संपर्क साधला. औषध लागू पडतंय, पण पुढच्या मोठ्या चाचणीला पुरेल इतकं ते तयार नाही, हे त्यांना तिथून समजलं. कुणीही दुसरं असतं तर ‘आमचं नाव यादीत ठेवा’ म्हणून थांबलं असतं. मॅकनमारांनी मसुदा लिहिला आणि सह्या गोळा करायला घेतल्या. दारोदार जाण्याचा प्रश्नच नव्हता. ज्यांच्या सह्या हव्या होत्या ते सगळे आधीच एकमेकांना लिहीत होते. थोड्या आठवड्यांत तीन हजार ओलांडले.

व्हॅसेलांनी उत्तर दिलं आणि उत्पादन वाढवण्याचा निर्णय झाला. आयर्लंडच्या रिंगास्किडीतला कारखाना त्या कामाला जुंपला गेला. पुढच्या टप्प्याच्या चाचण्यांत हजारावर रुग्ण घेतले गेले. मॅकनमारा पोर्टलंडला गेल्या, त्यांना औषध मिळालं, त्या सावरल्या, आणि नंतर मॅकगिल विद्यापीठात ल्युकेमियावरच संशोधन करून त्यांनी पीएचडी केली. १० मे २००१ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने औषधाला मान्यता दिली. अर्ज दाखल झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत. त्या महिन्यातच ते ग्लिव्हेक या बाजारातल्या नावाने टाइम साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकलं.

व्हॅसेलांनी आपल्या पुस्तकात या अर्जाचा मोठ्या मनाने उल्लेख केला आहे, आणि रुग्ण-चळवळीच्या इतिहासात तर तो कथेसारखा सांगितला जातो. मला वाटतं, त्याचं श्रेय थोडं मोजूनमापून द्यावं. ५४ पैकी ५३ असे आकडे हाती असताना कोणतीही कंपनी हे औषध बनवल्याशिवाय राहिली नसती. प्रश्न महिन्यांचा होता. पण सीएमएल शेवटच्या टप्प्याला गेला की हाती महिनेच उरतात, आणि त्या दृष्टीने तीन हजार सह्यांनी जे मिळवलं ते लहान नव्हतं. दुसरंही एक लक्षात ठेवायला हवं: अर्जदार जे मागत होते त्यात कंपनीचाही फायदा होता. माल वाढवा, आम्ही घ्यायला तयार आहोत, असं गिऱ्हाइकाने सांगितलं तर कुठला व्यापारी रागावतो? औषधाची किंमत पहिल्या वर्षी अमेरिकेत वर्षाला पंचवीस हजार डॉलरच्या वर ठेवली गेली. त्या तीन हजारांच्या अर्जाचा विषय किंमत हा नव्हता.

किंमत हा विषय मुंबईत आला.

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचं मूळच रक्ताच्या कर्करोगात आहे. सर दोराबजी टाटांच्या पत्नी लेडी मेहरबाई १९३१ मध्ये ल्युकेमियाने वारल्या. दोराबजींनी त्यांच्या स्मरणार्थ ल्युकेमियाच्या संशोधनासाठी निधी ठेवला, आणि पुढे टाटा ट्रस्टने उभारलेलं रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. भारतातलं पहिलं अस्थिमज्जारोपण इथेच, १९८३ मध्ये, डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलं. आपल्याकडचा सीएमएलचा पेशंट पाश्चात्त्य पेशंटपेक्षा बराच तरुण असतो. तिकडे साठीच्या आसपास, इथे चाळिशीच्या आत-बाहेर. म्हणजे कमावता माणूस, मुलं शाळेत.

भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमकडून. मॉन्ट्रियलला अर्जाचा मसुदा लिहिला जात होता तेव्हा आपल्याकडे टेलिफोनच्या तारेवरून खरखरत जोडणी लागायची, आणि तीही फार थोड्या घरांत. पेशंटांचं एकमेकांना सांगणं मात्र इथेही जोरात होतं, फक्त त्याची जागा वेगळी होती. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती. मराठवाड्यातून, खानदेशातून, बिहार-बंगालमधून आलेली कुटुंबं तिथे महिनोन् महिने राहतात. संध्याकाळी स्टोव्हवर खिचडी शिजत असते आणि बाजूला शिक्षण चालू असतं: फाईल बनवायला किती वाजता लाइनीत उभं राहायचं, जनरल आणि प्रायव्हेटमध्ये काय फरक, समाजसेवकाच्या खोलीत कुठले कागद न्यायचे, मुख्यमंत्री निधीचा अर्ज कोण भरून देतो, केमोनंतर तोंड आलं की काय खायचं. जुना पेशंट नव्याला सांगतो. वर्षभर राहिलेली एखादी बाई ‘ताई, हे रक्त आज देऊन टाक, उद्या सुट्टी आहे’ असं ज्या अधिकाराने म्हणते, तो अधिकार कुठल्याच माहितीपत्रकाला येत नाही. ऑन्कोलिंक आणि ही धर्मशाळा ही दोन टोकं नव्हेत. काम तेच, भांडवल निराळं.

ग्लिव्हेकचं नाव या धर्मशाळांपर्यंतही पोचलं, आणि त्यामागोमाग भाव. महिन्याला सुमारे एक लाख वीस हजार रुपये.

इथे भारताचा जुना कायदा कामाला आला. १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या रेणूला पेटंट नव्हतं. फक्त बनवण्याच्या कृतीला होतं. दुसऱ्या कृतीने तोच रेणू बनवायला कंपन्या मोकळ्या. त्यामुळे झिमरमान यांच्या मूळ रेणूचं पेटंट भारतात कधी झालंच नाही. २००३ मध्ये हैदराबादच्या नॅटकोने ‘वीनॅट’ नावाने तेच औषध आणलं, आणखीही कंपन्या उतरल्या, आणि महिन्याचा खर्च आठ-दहा हजारांवर आला. आठ-दहा हजार हीसुद्धा गरिबाच्या आवाक्यातली रक्कम नव्हे, पण उसनवारी करून, संस्थांच्या पायऱ्या चढून ती जमू शकते. एक लाख वीस हजार जमत नाहीत.

पण जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार भारताला २००५ पर्यंत औषधांना पेटंट देणं भाग होतं, आणि नोव्हार्टिसने १९९८ मध्येच चेन्नईला अर्ज टाकून ठेवला होता. तो मूळ रेणूसाठी नव्हता, तर त्याच्या एका क्षाराच्या विशिष्ट स्फटिकरूपासाठी होता. पेटंटआधीच कंपनीला नोव्हेंबर २००३ मध्ये विक्रीचा एकाधिकार मिळाला. त्याच्या जोरावर कंपनीने मद्रास उच्च न्यायालयातून स्वस्त औषध बनवणाऱ्यांवर मनाई मिळवली. मुंबई उच्च न्यायालयाने मात्र तशी मनाई नाकारली. काही काळ या औषधाची गत गावागणिक बदलली.

याच टप्प्यावर कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन पुढे आली. वाय. के. सप्रू यांनी १९६९ मध्ये मुंबईत सुरू केलेली ही संस्था. गरीब पेशंटला औषधं, अन्न, तपासण्या यांची मदत हे तिचं रोजचं काम. पेटंटचे अर्ज वाचणं तिच्या घटनेत कुठे लिहिलेलं नसणार. पण एकाच पेशंटच्या औषधाला लाखावर लागले तर उरलेल्यांच्या वाट्याला काहीच राहत नाही, हा हिशेब संस्थेला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. २००५ मध्ये आलेल्या नव्या कायद्याने पेटंट मिळण्याआधी कुणालाही हरकत नोंदवण्याची मुभा ठेवली होती. औषध कंपन्यांनी आपापल्या हरकती घेतल्या ते ओघानेच आलं. धंद्याचा प्रश्न होता. त्यांच्या रांगेत पेशंटांची ही एक संस्था, लॉयर्स कलेक्टिव्हच्या वकिलांना घेऊन, स्फटिकांच्या रचनेवर हरकत घेऊन उभी राहिली. मॅकनमारांनी कंपनीकडे विनंती केली होती. सप्रूंच्या संस्थेने विनंती केली नाही, कंपनीच्या दाव्यालाच हात घातला.

२५ जानेवारी २००६ रोजी चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. मुख्य आधार कायद्यातलं कलम ३(ड): माहीत असलेल्या पदार्थाचं केवळ नवं रूप, त्याचा गुण वाढत नसेल तर, पेटंटला पात्र नाही. नोव्हार्टिसने मद्रास उच्च न्यायालयात त्या कलमालाच आव्हान दिलं. तेव्हा डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या संस्थेने जगभर सह्यांची मोहीम काढली: खटला मागे घ्या. चार लाखांहून अधिक सह्या झाल्या. आर्चबिशप डेस्मंड टुटूंची त्यांत होती. कंपनी तीच, रेणू तोच, प्रमुखही तेच व्हॅसेला. तीन हजार सह्यांना मिळालेलं उत्तर चार लाखांना मिळालं नाही. कंपनी हटली नाही, आणि ऑगस्ट २००७ मध्ये न्यायालयात हरली.

इथे गोष्ट काळी-पांढरी करायचा मोह होतो, आणि तो आवरायला हवा. नोव्हार्टिस भारतात हजारो पेशंटांना ग्लिव्हेक फुकट देत होती. हे वाटप मॅक्स फाउंडेशन या संस्थेमार्फत चाले. सीएमएलने गेलेल्या एका मुलाच्या नावाने १९९७ मध्ये अमेरिकेत निघालेली ही संस्था. भारतातलं तिचं काम मुंबईहून विजी व्यंकटेश यांनी उभं केलं, आणि औषध घेणाऱ्यांचा ‘फ्रेंड्स ऑफ मॅक्स’ हा गट गावोगाव जमू लागला. गोळी चुकवू नका, गर्भारपणात काय करायचं, बीसीआर-एबीएलची तपासणी कधी, हे पेशंटच पेशंटला सांगत. आपलं औषध लिहून दिलेल्या भारतीय रुग्णांपैकी ९५ टक्क्यांना, म्हणजे सोळा हजारांवर लोकांना, आपण ते मोफत देतो, असं कंपनी खटल्याच्या निकालावेळी सांगत होती. विरोधकांचं म्हणणं, स्वस्त औषध घेणारे त्याहून पुष्कळ जास्त, आणि दान हे देणाऱ्याच्या मर्जीवर असतं. मला दुसरा मुद्दा पटतो. पण ज्याच्या घरी दर काही महिन्यांनी डबा फुकट येत होता, त्याला ही मर्जी कशी वाटली असेल, हे बाहेरून ठरवू नये. सह्यांच्या मोहिमेत तो पेशंट कुठे उभा राहणार होता?

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांचं खंडपीठ. देसाई त्याआधी मुंबई उच्च न्यायालयात होत्या. कंपनीचा दावा असा, की नव्या स्फटिकरूपात औषध शरीरात तीस टक्के जास्त शोषलं जातं. न्यायालयाने विचारलं, त्याने आजार जास्त बरा होतो का? तसा पुरावा पुढे आला नव्हता. १ एप्रिल २०१३ रोजी अपील फेटाळलं गेलं.

त्याच महिन्यात आणखी एक गोष्ट घडली, आणि तिची आपल्याकडे पुरेशी चर्चा झाली नाही. जगभरच्या शंभराहून अधिक सीएमएल तज्ज्ञांनी ‘ब्लड’ या नियतकालिकात एकत्र लेख लिहून या औषधांच्या किमती गैरवाजवी असल्याचं म्हटलं. लिहिणाऱ्यांत ब्रायन ड्रकर होते. वर्षाला पंचवीस-तीस हजार डॉलरपासून निघालेलं ग्लिव्हेक तोवर अमेरिकेत ब्याण्णव हजारांवर गेलं होतं. रेणू तोच, कारखान्याचा खर्च केव्हाच वसूल, आणि भाव तिप्पट. औषध जिवंत ठेवतं म्हणून पेशंट जास्त वर्षं जगतात, जगतात म्हणून जास्त वर्षं विकत घेतात. सीएमएलच्या रुग्णांची संख्या वाढत जाणार हे गणित १९९६ मध्ये बाझलला कुणी केलं नव्हतं, ते आता सगळ्यांना जमत होतं.

अमेरिकेतलं मूळ पेटंट संपल्यावर, फेब्रुवारी २०१६ मध्ये, तिथली पहिली जेनेरिक गोळी बाजारात आली. ती आणणारी कंपनी सन फार्मा, मुख्य कचेरी मुंबईत, गोरेगावला. आता तरी भाव कोसळेल, असं अमेरिकन पेशंटना वाटत होतं. पहिली दोन वर्षं तो थोडासा खाली सरकला, इतकंच.